बाविशीतले माजी

(ड्रम कोअरचे दिवंगत वादक आणि मागे राहिलेल्यांचे मेळावे: स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

ऑगस्ट महिन्यातल्या एका शनिवारी रात्री उशिरा अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात, लुकास ऑइल स्टेडियमवर, ड्रम कोअरच्या अंतिम फेरीचे निकाल पुकारले जातात. पहिला क्रमांक अर्थातच सगळ्यात शेवटी. त्याआधी पाच खास बक्षिसे असतात. उत्तम पितळी वाद्यवादनाचे बक्षीस जिम ऑट यांच्या नावाचे, तालवाद्यांचे फ्रेड सॅनफर्ड यांच्या, झेंडे आणि लाकडी रायफली फिरवणाऱ्या कलर गार्डचे जॉर्ज झिंगाली यांच्या, मैदानावरच्या हालचालींचे जॉन ब्रझाल यांच्या आणि एकूण परिणामाचे डॉन अँजेलिका यांच्या नावाचे. या पाचांपैकी आज कोणीही हयात नाही. ऑट १९८० मध्ये गेले, झिंगाली १९९२ मध्ये, सॅनफर्ड २००० मध्ये. नाव पुकारताच आरोळ्या ठोकणारी मुले-मुली विशीच्या आसपासची. ज्यांच्या नावाचा हा जल्लोष, त्यांना यांतल्या एकानेही पाहिलेले नाही.

श्रोतेहो, स्मृतिव्याख्यानाला परदेशातल्या वाद्यपथकांचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. कारण साधे आहे. गेलेल्या सहकाऱ्यांची आठवण ठेवण्याच्या बाबतीत ही मंडळी इतकी कामसू आहेत की त्यांच्याकडे पाहिल्यावर आपल्या शोकसभांचा जरा विचार करावासा वाटतो. दोन मिनिटे उभे राहायचे, एक ठराव करायचा आणि चहाला जायचे, एवढ्यावर त्यांचे भागत नाही. का भागत नाही, ते कळण्यासाठी आधी ड्रम कोअर म्हणजे काय ते पाहायला हवे.

पूर्ण नाव ड्रम अँड बिगुल कोअर. पितळी फुंकवाद्ये, तालवाद्ये आणि कलर गार्ड, एवढाच संसार. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना इथे मज्जाव. फुटबॉलच्या मैदानावर साधारण अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम बसवायचा आणि तोच अख्खा उन्हाळा घासूनपुसून लखलखीत करत न्यायचा. मोठ्या पथकात दीडशेच्या आसपास मुले असतात. हिवाळ्यात निवड होते, मग शिबिरे आणि जूनपासून दौरा: रात्री बसमध्ये झोप, पहाटे कुठल्या तरी शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथारी, दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी प्रयोग आणि पुन्हा बस. स्वयंपाकघर ट्रकमध्ये असते आणि दिवसाला चार जेवणे लागतात. मुलांना यासाठी छदाम मिळत नाही. उलट तीच हंगामाचे काही हजार डॉलर भरतात. न्यू जर्सीला किंवा टेक्ससला नातवंडे असलेल्यांनी शाळांचे मार्चिंग बँड पाहिले असतील. त्याचाच हा फार तापट, फार शिस्तीचा आणि शाळेच्या कुंपणाबाहेरचा भाऊबंद.

आता मुद्द्याची गोष्ट. या कनिष्ठ पथकांना वयाची मर्यादा आहे. जूनच्या सुरुवातीला ज्याला बावीस पूर्ण झाली, त्याला त्या उन्हाळ्यात मैदानावर जागा नाही. तो कितीही चांगला वाजवत असो, पथकाला त्याची कितीही गरज असो. याला तिकडे ‘एज आउट’ होणे म्हणतात. क्रिकेटपटू पस्तिशीत निवृत्त होतो, प्राध्यापक साठीत. ड्रम कोअरचा वादक विशी नुकती ओलांडताना, मिसरूड नीट फुटले न फुटले तोच, कायमचा माजी होतो. पुढची पन्नास-साठ वर्षे तो माजीच असतो. त्यामुळे कोणत्याही जुन्या पथकात चालू सदस्य दीडशे आणि माजी सदस्य काही हजार, असा हिशेब असतो. संस्थेचे वजन सगळे त्या बाजूला. २०२० मध्ये करोनामुळे अख्खा हंगाम रद्द झाला, तेव्हा शेवटचे वर्ष असलेल्या मुलांना त्या उन्हाळ्यात शेवटचा प्रयोगही मिळाला नाही. घरी बसल्या बसल्या त्यांतली कित्येक माजी झाली.

या सगळ्याचे मूळ लष्करात आहे, आणि थोडेसे स्मशानातही. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये अमेरिकन लिजन ही संघटना काढली. गावोगावच्या शाखांना मिरवणुकीसाठी वाद्ये हवी होती आणि लष्कराने वापरून सोडलेले बिगुल नि ढोल स्वस्तात मिळत होते. त्यातून माजी सैनिकांची पथके निघाली, मागोमाग त्यांच्या मुलांची. व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स ही दुसरी संघटना, कॅथलिक चर्च, बॉय स्काउटांच्या तुकड्या, सगळ्यांनी आपापली पथके काढली. न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावी होली नेम चर्चने १९३४ मध्ये कॅडेट्स काढले. मॅडिसन स्काउट्स १९३८ चे, बोस्टन क्रुसेडर्स १९४० चे. शिकागोत डॉन वॉरेन यांनी १९४८ मध्ये स्काउटांच्या तुकडीतून कॅव्हलियर्स उभे केले आणि वायोमिंगमधल्या कॅस्पर गावात जिम जोन्स यांनी १९५७ मध्ये जुन्या घोडदळाच्या गणवेशातले ट्रूपर्स.

पथकांच्या मिळकतीत मिरवणुकांचा वाटा मोठा होता आणि मिरवणुकांत मानाची मेमोरियल डेची. यादवी युद्धातल्या मृतांच्या थडग्यांवर फुले वाहण्यासाठी १८६८ मध्ये ३० मे हा दिवस मुक्रर झाला. १९७१ पासून तो मे महिन्याचा शेवटचा सोमवार आहे. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचे पोर गणवेश चढवून पहिल्यांदा रस्त्यावर उतरायचे, ते बऱ्याचदा दफनभूमीच्याच वाटेवर. बिगुल हे वाद्यही त्या कामाचे जुने मानकरी. ‘टॅप्स’ ही धून जनरल डॅनियल बटरफिल्ड यांनी १८६२ च्या जुलैत, व्हर्जिनियातल्या हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत बसवून घेतली. चोवीस स्वर, आणि तेही एकसुद्धा कळ नसलेल्या बिगुलावर नुसत्या ओठांच्या दाबाने निघणारे. आपल्याकडे हुतात्मा जवानाला निरोप देताना ‘लास्ट पोस्ट’ वाजते. अमेरिकेत तो मान टॅप्सचा.

ही चोवीस स्वरांची धून सोपी वाटते. २५ नोव्हेंबर १९६३ रोजी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत अध्यक्ष केनेडींच्या अंत्यविधीला लष्करी बँडमधले सार्जंट कीथ क्लार्क यांनी ती वाजवली. थंडीत बराच वेळ ताटकळल्यावर, आणि बंदुकांच्या फैरी झडल्यावर, त्यांची वेळ आली. सहावा स्वर फाटला. सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता. हुंदका दाखवण्यासाठी त्यांनी तो मुद्दाम तसा वाजवला, असे कित्येकांना वाटले. बिगुल वाजवणाऱ्यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. गारठलेल्या ओठांनी वरचा स्वर धरताना काय होते ते त्यांना पक्के ठाऊक. तरीही तो फाटलेला स्वर आज साठ वर्षांनी लोकांना आठवतो आणि त्या दिवसांतली निर्दोष भाषणे कोणाला आठवत नाहीत. स्मरणविधीच्या नेटक्या कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

माजी सैनिकांच्या संघटनांचे नियम आणि बक्षिसांची वाटणी यांना कंटाळून कॅव्हलियर्सचे वॉरेन, ट्रूपर्सचे जोन्स आदी संचालकांनी १९७१ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था स्थापली. ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. जिंकले कॅलिफोर्नियाचे अ‍ॅनाहाइम किंग्जमेन. देशभर दौरे सुरू झाले तशी पथके चांगली वाजवू लागली आणि भराभर बंदही पडू लागली. बस, डिझेल, विमा, शिक्षकांचे मानधन हे गल्लीतल्या चर्चला आणि लिजनच्या शाखेला झेपेना. गावागणिक असलेली शेकडो पथके मोडली. पहिले विजेते किंग्जमेनही टिकले नाहीत.

पथक बंद पडले की माजी सदस्यांत नवी भर पडायची थांबते. जेवढे आहेत तेवढेच, आणि तेही दरवर्षी कमी होत जाणार. माजी पथकांची, म्हणजे अ‍ॅलम्नाय कोअरची, सगळी धडपड या एका वाक्यात आहे. गाण्याची आवड असलेला माणूस एकटा गाऊ शकतो. पेटीवाला एकटा बसून पेटी वाजवतो. ड्रम कोअरमधल्या तिसऱ्या ओळीतल्या बॅरिटोन बिगुलवाल्याने म्हातारपणी एकट्याने आपली ओळ वाजवली, तर तिला ना चाल ना चेहरा. उरलेली पन्नास माणसे शेजारी उभी असली तरच तिचे संगीत होते. म्हणून या लोकांना आठवण काढायची तर जमावेच लागते, आणि जमल्यावर वाजवावेच लागते.

ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्सची कथा यात सगळ्यांत सांगण्यासारखी. बोस्टनशेजारच्या रिव्हिअर गावचे हे पथक साठच्या दशकाच्या शेवटी या नावाने उभे राहिले, जॉर्ज बोनफिग्लिओ यांच्या हाताखाली नावारूपाला आले आणि १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही वाजवून आले. गंमत म्हणजे ड्रम कोअरच्या ध्वनिमुद्रिका काढून घरोघर पोचवणारी फ्लीटवूड ही कंपनीही याच रिव्हिअरची. पण तबकडीत आवाज राहिला तरी पथक राहिले नाही. १९८६ मध्ये ते बंद झाले. आठ वर्षांनी, १९९४ मध्ये, अजिंक्यपद स्पर्धा बोस्टनजवळच्या फॉक्सबरोला भरली. तिथे लान्सर्सचे शेकडो माजी सदस्य एका पथकाच्या रूपाने मैदानात उतरले. स्पर्धेत नव्हते, गुण नव्हते. पोट सुटलेले, केस गेलेले, कोणी बँकेत, कोणी अग्निशमन दलात, कोणी शाळेत शिकवणारे. त्यांनी आपले ‘डॅनी बॉय’ वाजवले आणि प्रेक्षागार उभे राहिले.

हे गाणे लान्सर्सनी का धरले असेल, याचा तर्क करता येतो. निघालेल्या मुलाला मागे राहणारे माणूस सांगते आहे की तू परत येशील तेव्हा कदाचित मी मातीखाली असेन, असा त्याचा आशय. अनेक पथकांना असे एखादे गाणे असते. ते कार्यक्रमात नसले तरी चालते. ते सरावानंतर, बसमध्ये चढण्याआधी, लग्नात आणि अंत्यविधीला गायचे किंवा वाजवायचे असते. मॅडिसन स्काउट्सचे ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ हे १९४५ च्या ‘कॅरोझेल’ या संगीतिकेतले, आणि त्या नाटकात ते येते नायकाच्या मृत्यूनंतर, त्याच्या बायकोला धीर द्यायला. स्काउट्स ते एकमेकांच्या खांद्यांत हात गुंफून गातात. पथकाच्या ७५ व्या वर्षी, २०१३ मध्ये, माजी स्काउट्सनी मोठे पथक जमवले, तेव्हा विशीतला आणि सत्तरीतला एकाच साखळीत उभे होते. सांता क्लारा व्हॅनगार्डने ‘सेंड इन द क्लाउन्स’ घेतले, रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने वाग्नरच्या ‘लोहेन्ग्रिन’मधली एल्साची मिरवणूक. यांतले एकही गाणे पथकासाठी रचलेले नाही. सगळी उसनी. पण आता ती गाणी नाटकापेक्षा या मुलांच्या जास्त मालकीची झाली आहेत, असे धाडसाने म्हणायला हरकत नाही.

किंग्जमेनही परतले. २००७ ची अजिंक्यपद स्पर्धा कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या रोज बोलवर आली, तेव्हा १९७२ च्या त्या पहिल्या विजेत्यांचे माजी पथक तिथे वाजले. मधे पस्तीस वर्षे गेली होती.

पस्तीस वर्षांनी वाद्य हातात घेणे म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सत्तरच्या दशकापर्यंत स्नेअर ढोल एका खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याला लटके, मांडीवर तिरपा टेके. ढोल तिरपा असल्यामुळे डाव्या हाताची काठी तळव्यातून, अंगठ्याच्या खोबणीत आडवी धरावी लागे. पुढे छातीवर बसणारे सांगाडे आले, ढोल सपाट झाला, तरी ती पकड कित्येक पथकांनी सोडली नाही. कारण संपले, सवय राहिली. जुना वादक मेळाव्याला येतो तेव्हा मेंदूला चाल आठवत नसते. काठी हातात दिली की मनगट ती वाजवते आणि तो स्वतःच चकित होतो. उलट ढोलाच्या पानाने तो दचकतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून केवलारची पाने आली. बुलेटप्रूफ जाकिटाच्या जातीचा तो धागा, ताण असा की काठी टेबलावर आपटल्यासारखी उसळते. जुन्या पानाच्या ऐसपैस उत्तराची वाट पाहणारा हात इथे फसतो.

बिगुलवाल्याचे दुखणे वेगळे. ओठ. बोटे विसरत नाहीत, पण ओठांचे स्नायू काही महिन्यांत सैल पडतात आणि ते परत कमवायला रोज थोडे थोडे फुंकावे लागते. त्यात बिगुल जुन्या जी पट्टीतला. १९७७ पर्यंत त्याला दोन उभ्या कळाही नव्हत्या. तिसरी कळ १९९० मध्ये चालू लागली आणि २००० पासून कोणत्याही पट्टीतली वाद्ये चालतात. त्यामुळे जी पट्टीतले बिगुल आता नवे मिळणे अवघड. मरीन दलाच्या अधिकृत पथकाने मात्र ते आजवर सोडलेले नाहीत. माजी पथकवाले जुने बिगुल कुठून कुठून पैदा करतात, कळांना तेल पाजतात आणि गळणाऱ्या सांध्यांना डाग देतात.

आणि जागा. मैदानावर प्रत्येकाची जागा नेमलेली असते. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचे. कोणत्या क्षणी कोणत्या रेषेपासून किती पावलांवर उभे राहायचे याची नोंद प्रत्येक मुलगा एका छोट्या वहीत ठेवतो. ती वही सरावात गळ्यात किंवा कमरेला लटकवलेली असते, घामाने फुगलेली, पेन्सिलीने गिचमिड केलेली. हंगामात कोणी आजारी पडला, पाय मुरगळला, तर बाकीचे सरकून त्याची जागा भरत नाहीत. जागा रिकामी ठेवूनच आकृती चालते, नाही तर सगळ्यांचीच मापे चुकतात. उंचावरून पाहणाऱ्याला ती फट लगेच दिसते. वय झालेली माजी पथके आता फारशी चालत नाहीत, उभ्या उभ्या कमानीत वाजवतात. वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचून दाखवतात. पण आपल्या डाव्या हाताला कोण उभे असायचे हे प्रत्येकाला नावानिशी ठाऊक असते. शोकसभेत अध्यक्ष म्हणतात, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली. इथे ती पोकळी पावलांत मोजता येते.

प्रौढांच्या पथकांची संघटना, ड्रम कोअर असोसिएट्स, १९६५ पासून आपली अजिंक्यपद स्पर्धा घेत आली. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुटीला. स्क्रँटन, रॉचेस्टर अशा गावांत शनिवार-रविवार भरणारी ही जत्रा माजी पथकांचे माहेर होती. न्यूयॉर्क स्कायलायनर्सचे, हॉथॉर्न कॅबलेरोसचे, बायोनच्या ब्रिजमेनचे माजी तिथे वाजवत. ब्रिजमेन म्हणजे पिवळे लांब कोट घालून मैदानात येणारे आणि कार्यक्रमाच्या शेवटी अख्खेच्या अख्खे धाडकन जमिनीवर कोसळून दाखवणारे विक्षिप्त पथक. २०२४ पासून प्रौढांची स्पर्धा ड्रम कोअर इंटरनॅशनलमध्ये सामील झाली. हिशेबाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असेल. माहेर मात्र मोडले.

आता पुन्हा त्या पाच नावांकडे. जिम ऑट हे पितळी वाद्यांचे संगीत बांधणारे. कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सना आणि मग स्पिरिट ऑफ अटलांटाला त्यांनी आवाज दिला आणि १९८० मध्ये ऐन उमेदीत मोटार अपघातात गेले. सॅनफर्ड यांनी सांता क्लारा व्हॅनगार्डचा ढोलविभाग घडवला. ब्रझाल फँटम रेजिमेंटच्या मैदानी आकृत्या रचत. अँजेलिका परीक्षक. पण आठवणीचा खरा नमुना झिंगाली. त्यांच्याआधी मैदानावरच्या आकृत्या सममित असत. डावीकडे जे तेच उजवीकडे, रांगोळीसारखे. लान्सर्स आणि मग कॅडेट्स यांच्यासाठी काम करताना झिंगालींनी ते मोडले. रेषा वाहू लागल्या, वळू लागल्या, एकमेकींतून आरपार गेल्या. कॅडेट्सनी १९८३, १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे घेतली, १९८७ चे पुन्हा. स्टार ऑफ इंडियानाचे १९९१ चे विजेतेपदही त्यांच्याच आकृत्यांवर. आज कोणत्याही शाळेच्या बँडमध्ये दहावीतली पोरे वाकड्या वाहत्या रेषेत चालतात तेव्हा ती झिंगालींच्या मागून चालत असतात. नाव माहीत असो वा नसो.

इथवर सगळे सुंदर आहे. पण आठवणींच्या मेळाव्यात एक खोली बंद ठेवली जाते, तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. तेच कॅडेट्स, दहा अजिंक्यपदे मिळवलेले. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्राने नऊ स्त्रियांच्या तक्रारी छापल्या. आरोप पथकाच्या दीर्घकाळच्या संचालकावर लैंगिक छळाचे होते. त्याला पद सोडावे लागले. पुढे ऐंशीच्या दशकातल्या अत्याचाराबद्दल एका माजी सदस्याने दिवाणी दावा लावला, आणि त्याचा भार पेलवत नाही म्हणून एप्रिल २०२४ मध्ये कॅडेट्सनी कामकाज थांबवल्याचे जाहीर केले. १९३४ चे पथक, नव्वद वर्षांनी बंद. हजारो माजी सदस्यांचे घर एका दिवसात गेले. त्यांतल्या काहींच्या तोंडून, खटला लावणाऱ्याने पथक बुडवले, असा सूर निघणे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पण खटला लावणारीही त्याच पथकाची माजी मंडळी. वही त्यांच्याही गळ्यात होती. माजी सदस्यांच्या यादीत त्यांचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे, हे ठरवल्याशिवाय कॅडेट्सचा कुठलाही मेळावा पुरा होणार नाही. जे दुखावले गेले आणि पुन्हा कधी कोणत्या पुनर्मीलनाला फिरकलेच नाहीत, त्यांच्या जागाही रिकाम्या जागाच आहेत.

ड्रम कोअरच्या माजी मंडळींनी अंगावर घेतलेले एक काम मात्र निखळ आहे. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक वार्धक्याने जाऊ लागले तसे अमेरिकन लष्कराकडे बिगुलवाले पुरेनात. २००० पासून अमलात आलेल्या कायद्याने, मागणी झाल्यास, प्रत्येक पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी, ध्वजाची घडी आणि टॅप्स एवढे बांधील केले; पण वादक नसेल तर ध्वनिमुद्रण चालेल अशी सोयही ठेवली. मग बिगुलाच्या कर्ण्यात बसवायचे एक यंत्र आले. बटण दाबायचे आणि बिगुल ओठांना लावून नुसते उभे राहायचे. ध्वनिमुद्रणाची ही सोयच काही पूर्वीच्या बिगुलवाल्यांना मुळात सहन होत नव्हती. टॉम डे यांनी २००० मध्येच ‘बिगल्स अक्रॉस अमेरिका’ ही स्वयंसेवकांची संघटना काढली. हजारो वादक तिच्यात नोंदले गेले आणि पोरवयात पथकात कमावलेले ओठ कित्येकांना उतारवयात असे उपयोगी पडले. अनोळखी माणसाच्या दफनाला आपल्या गाडीने, आपल्या खर्चाने जायचे, चोवीस स्वर वाजवायचे आणि परतायचे. कधी सहावा स्वर फाटतो. यंत्राचा कधी फाटत नाही.

आपल्याकडचा ढोल-ताशाही पथकांचाच. पुण्याच्या नदीपात्रात जुलै-ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की तीच शिस्त, तेच हाताला येणारे घट्टे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनीही आता ढोल-ताशा पथके काढली आहेत. पण आपल्या पथकातून कोणी वय विचारून काढत नाही. नोकरी लागते, लग्न होते, गुडघा कुरकुरतो, आणि माणूस आपसूक गळतो. तो माजी केव्हा झाला हे त्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे निरोप नाही, यादी नाही आणि मेळावा भरलाच तर तो वर्गणीसाठी. एखादा हात, म्हणजे वाजवायचा ठेका, मूळचा कोणत्या ताशेवाल्याने बसवला, असे आजच्या वादकांना विचारले तर उत्तर येते: सिनिअर दादांनी शिकवला. दादांना कोणी शिकवला, हे दादांनाच विचारावे लागेल, आणि ते आहेत तोवरच.

ड्रम कोअरचे माजी सदस्य आठवणींत रमून हळवे होऊन बसतात, असा समज यावरून कोणी करून घेऊ नये. ते भांडतात. जोरात भांडतात. १९७७ मध्ये बिगुलाला दोन कळा आल्या तेव्हा जुन्यांनी जाहीर केले की ड्रम कोअर मेला. १९९० मध्ये तिसरी कळ आल्यावर तो पुन्हा मेला. २००० मध्ये जी पट्टी गेली, २००४ मध्ये मायक्रोफोन आले, २००९ मध्ये सिंथेसायझर. दर खेपेला त्याचे तेरावे घातले गेले. दर पिढीच्या मते, ती स्वतः बाविशीत बाहेर पडली त्या वर्षापर्यंत सगळे ठीक होते. २०२३ मध्ये सांता क्लारा व्हॅनगार्ड पैशांअभावी मैदानात उतरू शकले नाही, तेव्हा आता मात्र खरेच संपले असे म्हणणारे भेटले. पथक पुढच्याच वर्षी परत आले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बोस्टन क्रुसेडर्सनी, स्थापनेनंतर पंचाऐंशी वर्षांनी, पहिल्यांदाच ड्रम कोअर इंटरनॅशनलचे अजिंक्यपद जिंकले. मायक्रोफोन, सिंथेसायझर, सगळे वापरून. क्रुसेडर्सच्या जुन्या बिगुलवाल्यांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच, आणि ज्याला नावे ठेवली तेही हेच. त्यांच्या पुढच्या मेळाव्यात दोन्ही विषय निघणार आहेत, आणि भांडण कोणत्या वर्षापासून सुरू करायचे यावरूनच बहुधा पहिला तास जाईल.